मिठाची पुडी

न्यू हॅम्पशायरच्या डोंगरावरच्या हटमध्ये एका रात्रीचं बुकिंग करताना मी सवयीने यादी काढली: तांदूळ कोणाकडे, डाळ कोणाकडे. मुलगी हसली. "बाबा, जेवण तिथला स्टाफ बनवतो. दे ईव्हन गिव्ह ब्लँकेट्स."

कॉलेजात गडावर मुक्कामाला जाताना आम्ही खिचडीचं सामान मुद्दाम सगळ्यांच्या सॅकमध्ये वाटून टाकायचो, म्हणजे ऐनवेळी कोणी टांग देत नसे. मीठ माझ्याकडे असायचं. एकदा तर मी अंगात ताप असताना गेलो, नाहीतर अळणी खिचडीवरून मित्रांनी जन्मभर शिव्या घातल्या असत्या.

इथे आम्ही चार कुटुंबं जाणार होतो. शेवटच्या आठवड्यात ग्रुपवर एकेकाने कॅन्सल केलं. "सॉरी यार, नेक्स्ट टाइम." चिडून तरी काय करणार? कोणाच्याच सॅकमध्ये मीठ नव्हतं.