शालनबाईंचा खाडा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. अभिमान आहे, लपवत नाही. सोलापुरात एका दवाखान्यात नसांची तपासणी करतो. चेहरा एका बाजूनं लुळा पडला की कानाखाली बारीक करंट द्यायचा, गाल किती उत्तर देतो ते पडद्यावर बघायचं, चांगल्या बाजूशी ताडायचं. त्यावरून चेहरा कितपत परत येईल याचा अंदाज येतो. अंदाजच — इलाज नव्हे.

यातली एक गोष्ट शिकत असल्यापासून माझ्या डोक्यातून जात नव्हती. नस आत मेली तरी पुढचा तुकडा काही दिवस करंटला उत्तर देत राहतो, जणू काही झालंच नाही. मग पडद्यावरची रेघ उतरते. म्हणून डॉक्टर काही दिवस थांबून तपासणी सांगतात. पण ती उतरते कशी? हळूहळू? की एकदम? वाचलं होतं, बघितलं नव्हतं. तुम्हाला नसतं बघावंसं वाटलं?

शालनबाई उजनी धरणाच्या काठावरून आल्या. तोंड कालच वाकडं झालेलं, डोळा मिटेना, गालावर पदर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तपासणी आठवड्यानंतर एकदाच सांगितली. मी बाहेर येऊन म्हणालो — रोज या.

त्या आल्या. दोन एसट्या बदलून. करंट बसला की गाल उडायचा आणि त्या अर्ध्या तोंडानं हसायच्या. "उडतोय की वो डाक्टर! आजून वाडवा जरा. पोरीच्या लग्नाआदी सरळ झालं पायजे."

मी डॉक्टर नव्हतो. हा इलाजही नव्हता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग त्या रोज आल्या असत्या?

रेघ उतरू लागली. खरं सांगतो — मला आनंद झाला. बाईची नस मरत होती आणि मी पडद्याला नाक लावून बसलो होतो.

नेमक्या मधल्या एका दिवशी त्या आल्या नाहीत. शेतातली पाण्याची मोटार जळली होती. माझ्या आलेखात भोक पडलं. दुसऱ्या दिवशी मी खेकसलो, "काल खाडा का केला? असं करून चालतं का?"

"चुकलं," त्या म्हणाल्या. मान खाली घालून.

तिथं तरी सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

चेहरा पुरता परतला नाही. रोज आल्या असत्या किंवा एकदाही आल्या नसत्या, तरी तेच झालं असतं. पोरीचं लग्न तसंच झालं. पुढं काही महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायला आल्या, तेव्हा बाकावर शेजारी एक नवी बाई बसली होती — तसंच तोंड, तसाच पदर. शालनबाई तिला समजावत होत्या, "एक बी दिस चुकवू नगं, बाय. म्या एकच खाडा केला, बग माजं तोंड. डाक्टर लई रागावलं हुतं. त्येंचं बराबरच हुतं की."

मी दारातच उभा होतो. सगळं ऐकलं. आणि नव्या बाईंना आत बोलावलं.