मिस्त्रीवरचा आळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. रिसोडच्या स्टँडवर कुणी ट्रकची बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीचा विषय काढला, की मी चहा अर्धा टाकून उठायचो. आता माझी गाडी विकून झाली आणि मिस्त्रीही या जगात नाही. पण मी त्याच्याबद्दल बोललो ते अजून लोकांच्या तोंडी आहे. ते खोटं होतं.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून, साठीला टेकल्यावर मी स्वतःची घेतली. घेतली म्हणजे नुसती चेसिस. तिच्यावर बॉडी कोणती बांधायची आणि गाडी कोणत्या ट्रान्सपोर्टकडे लावायची, हे दोन्ही ठरायचं होतं. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस रोज मोबाइलवर फोटो पाठवायचा. बंद कंटेनर बांधा, आमच्याकडे लावा, बारा महिने काम. मिस्त्रीकडे मी तरुणपणापासून मालकांच्या गाड्या नेत आलो होतो. तो खुल्या बॉडीवर अडून बसला.

"भाऊ, कंटेनर कायले बांधता? आपल्या इथून सोयाबीनचे कट्टे जातात. हमाल त्या डब्यात घुसाले तयार होत नाहीत. येताना त खालीच याल, डबा वाजवत."

"अन् गाडी लावू कोणाकडं?"

"मार्केटासमोरच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडं. माणूस खडूस हाय, पण गाडी उभी ठेवत नाही."

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि तेच मला खटकलं. कंटेनर बांधणं मिस्त्रीला जमत नव्हतं. खुली बॉडी झाली तर काम त्याला मिळणार. मग ट्रान्सपोर्टही तोच का सुचवतो?

तरी जुन्या ओळखीपायी चेसिस मी त्याच्या वर्कशॉपात उभी केली आणि त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. दुपारी गेलो की मिस्त्री जागेवर नसायचा. "कुठं गेला?" विचारलं की कारागीर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसकडे बोट दाखवायचा. एकदा मी तिथंच जाऊन थडकलो. मला पाहताच दोघं गप्प झाले. मिस्त्रीनं टेबलावरचा कागद पालथा केला आणि उगाच हसून म्हणाला, "या भाऊ, चहा घ्या." मी चहा घेतला नाही. कागद मात्र डोक्यात बसला.

दुसऱ्या दिवशी फळ्या बसवणं सुरू असताना, चार ड्रायव्हरांसमोर मी विचारलं, "मिस्त्री, मले कितीत इकलं?"

त्याच्या हातातला हातोडा थांबला. "बॉडी माह्याकडं नका बांधू भाऊ. पण असं बोलू नका."

अर्धवट सांगाड्यानिशी मी चेसिस ओढून नेली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण स्टँडवर, ढाब्यावर, वाशीमजवळच्या मालेगावच्या फाट्यावर, जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो: मिस्त्री दलाली खातो, गाडी दाखवून मालक विकतो. लोकांना मजा आली. एक जण त्याच्या दारासमोरून जाताना ओरडायचा, "काय मिस्त्री, आज कोणाले इकून राह्यले?" ते ऐकून मी हसलो होतो. वर्ष संपेपर्यंत त्याच्याकडे गाड्या येईनाशा झाल्या. वर्कशॉपचं शटर पडलं आणि तो वाशीमला दुसऱ्याच्या हाताखाली वेल्डिंग करायला लागला.

मी दुसरीकडे कंटेनर बांधून पुण्याच्या त्या कंपनीकडे लावला होता, पण तो त्यांच्या गेटवर चार-चार दिवस उभा राहायचा. आधी त्यांच्या स्वतःच्या गाड्या भरायच्या, मग आमच्या. येताना रिकामा. शेवटी मान खाली घालून मी मार्केटासमोरच्या त्याच ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो. ओळख सांगितली, तसं त्यानं ड्रॉवर उघडून तो कागद माझ्यापुढे टाकला.

बाजारातला माल अनोळखी गाडीत कुणी भरत नाही. नव्या मालकासाठी गावातल्या कुणीतरी शब्द द्यावा लागतो. मी आयुष्यभर ड्रायव्हर. मालाची हमी मालक घेतो एवढंच ठाऊक, मालकाची कोण घेतो ते कधी पाहिलंच नव्हतं. कागदावर माझं नाव होतं आणि खाली मिस्त्रीची सही. या गाडीतला माल पोचल्यावर कमी भरला तर जबाबदार आपण स्वतः, असं त्यानं लिहून दिलं होतं.

"चारदा आला माह्याकडं," ट्रान्सपोर्टवाला म्हणाला. "मी नाहीच म्हणून राह्यलो होतो. अन् तुमाले सांगू नका म्हणे. चाळीस वर्षं गाडी चालवली त्या माणसानं, त्याच्यासाठी जामीन मागतात हे कळलं त त्याले वाईट वाटन."

त्याच आठवड्यात मी कंटेनर घेऊन वाशीमला गेलो. मिस्त्री एका ट्रॉलीखाली वाकून वेल्डिंग करत होता. मला बघून त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"काय भाऊ, कंटेनरचं दार आवाज करून राह्यलं काय?"

मी "हो" म्हणालो.

त्यानं ग्रीस आणलं, दोन्ही बिजागऱ्यांना लावलं, दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं. माझ्या तोंडाशी शब्द येत होते, पण बाजूला त्याचा नवा मालक उभा होता, दोन हेल्पर होते. ज्याला चारचौघांत चोर ठरवताना मला लाज वाटली नव्हती, त्याची माफी मागायला मी एकांत शोधत होतो. मिस्त्री म्हणाला, "झालं. सांभाळून जा." मी गाडी सुरू केली. पुन्हा येईन, असं मनाशी म्हटलं आणि गेलो नाही. गेल्या हिवाळ्यात तो वारल्याचं स्टँडवरच कळलं.

त्या दिवशी त्या सगळ्यांसमोर मला एवढंच म्हणायचं होतं: मिस्त्री, तुमी मले इकलं नाही. तुमी माह्यासाठी शब्द दिला, अन् मी तुमचं नाव घालवलं. चूक माही होती. मले माफ करा.