लागू नसेल ते खोडावे

ऑफिसचा काही भाग दोनशे किलोमीटरवर हलणार हे कळलं आणि सगळ्या मजल्यावर दुखण्यांची साथ आली. कुणाच्या आईला चक्कर येऊ लागली, कुणाचे स्वतःचे गुडघे धरले. एकट्या आवकबाईंना आनंद झाला.

आवकबाई म्हणजे आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, तारीख टाकायची; एकोणीस वर्षं हेच. नवऱ्याने केव्हाच दुसरीकडे संसार थाटलेला. उरली मुलगी, ती त्या नव्या शहरातच नर्सिंग शिकत होती. होस्टेलवर तिला कावीळ झाली, आणि आईला ते कळलं ती बरी झाल्यावर. "तू उगाच धावत आली असतीस गं!" तेव्हापासून फोन वाजला तरी आवकबाई धास्तावायच्या आणि नाही वाजला तरी धास्तावायच्या.

नव्या ऑफिसात अधीक्षकाची एकच जागा. ज्येष्ठतेने ती हेडक्लार्कची, पण त्यांना जायचं नव्हतं. म्हणे तिकडच्या पाण्याने केस गळतात. गळायला होते कुठे! ते नाही म्हणाले की पुढचा नंबर आवकबाईंचा.

"व्हा बाई, तुम्हीच साहेब व्हा," ते चारचौघांत म्हणाले. "आमचं उष्टं आहे, पण गोड मानून घ्या."

अधीक्षकपदासाठी हेडक्लार्कच्या नावाने फॉर्म आला: 'मी जाण्यास इच्छुक आहे / इच्छुक नाही.' खाली बारीक अक्षरांत, 'लागू नसेल ते खोडावे.' "वाचता येत नाही का?" म्हणत लोकांचे अर्ज परत भिरकावण्यात या माणसाची हयात गेली होती. स्वतः मात्र त्यांनी 'इच्छुक नाही'वर बरोबरची ठसठशीत खूण केली. खुणेची शेपटी दोन्ही शब्दांना कापत गेली. वरच्या कार्यालयाने ते शब्द खोडलेले धरले.

सोमवारी यादी फलकावर लागली. अधीक्षक: हेडक्लार्क. हरकतींची मुदत गुरुवारपर्यंत.

"साहेब, यादी बघून घ्या," आवकबाई त्याच दिवशी म्हणाल्या.

"घाई तुम्हाला, मला कसली?"

शुक्रवारी चहावाल्याने अभिनंदन केलं तेव्हा त्यांनी यादी वाचली. मग हरकतीचा कागद घेऊन धापा टाकत आवकबाईंच्या टेबलाशी आले.

"कालची तारीख टाका. कुणाला कळतंय? फायदा तुमचाच आहे."

ते खरंच होतं. शिक्क्याची चकती एक घर मागे फिरवली की बढती आणि मुलगी, दोन्ही पदरात. आवकबाईंचा अंगठा चकतीवर टेकलासुद्धा. पण गेल्या वर्षी एका विधवेचा अर्ज एक दिवस उशिरा आला, तेव्हा याच इसमाने "तारीख म्हणजे तारीख" म्हणत तिला जिन्यावरून परत पाठवलं होतं. आणि आता यांना हवा होता कालचा गुरुवार! त्यांनी शिक्का मारला. आजचा.

"वेड लागलंय का? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय!"

"मारते. खोट्या तारखेवर गेले, तर जन्मभर तुमचे उपकार ऐकावे लागतील. तेवढा दम नाही माझ्यात."

मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं: बढती नको, आहे त्याच पदावर बदली द्यावी. ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचला; असा अर्ज त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. जायला दुसरं कुणी तयारच नव्हतं, त्यामुळे मंजुरी तिसऱ्या दिवशी आली.

नव्या जागी अधीक्षक सकाळी रुजू झाले, बढतीच्या कागदावर सही केली आणि दुपारी रजेचा अर्ज टाकून परतले. कंबरदुखी, बेमुदत. त्यांच्या फायली आवकबाईंच्या टेबलावर येऊन पडल्या.

शिपायाने विचारलं, "बाई, म्हणजे आता तुम्हीच अधीक्षक का?"

"नाही रे बाबा. काम तेवढं त्यांचं, खुर्ची त्यांनी कमरेला बांधून नेली." आवकबाईंनी पर्स खांद्याला लावली. "साडेपाच वाजले. होस्टेल कोपऱ्यावरच आहे, मी निघते."