दात तुये, अक्कल माही

"दात तुये, अक्कल माही."

तळहातावर धानाचे चार दाणे घेऊन तो हात आमच्या तोंडापुढे धरायचा आणि हे वाक्य बोलायचं, अशी आमच्या राइस मिलच्या मिस्त्रींची रीत होती. वय सत्तरीला टेकलेलं, अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात दुपट्टा आणि तोंडात एकही दात नाही.

तुम्ही कधी उकड्या तांदळाच्या मिलमध्ये गेला असाल तर ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. धान आधी हौदात भिजवतात, मग वाफेवर उकडतात, मग पटांगणात पसरून वाळवतात. सगळा खेळ त्या वाळण्याचा. ओलं राहिलं तर गिरणीत लगदा होतो आणि जास्त वाळलं तर नुसती कनकी, म्हणजे तुकडा. नेमकी वेळ ओळखायला मिस्त्रींकडे एकच उपाय होता. दाणा दाढेखाली धरून फोडायचा. कट्ट आवाज करून तुटला तर धान उचला, दबला तर अजून ऊन द्या. चाळीस वर्षं त्यांनी हे स्वतःच्या दाढांनी केलं. दाढा गेल्या तेव्हा शिकाऊ माणसांच्या दाढांनी करायला लागले. लेकीनं हौसेनं कवळी करून दिली होती, ती डब्यात पडून असायची.

"कवळीले काय समजते गा? तिले ना थंडा कळे ना गरम," म्हणायचे.

मी त्यांच्याकडे शिकाऊ म्हणून गेलो तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. हसू नका. सानगडीच्या बाजारात बावीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि माझं शटर खाली आलं. वर्षभर मी घरात बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला आणि साऱ्या जगाला शिव्या घातल्या. घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं होतं. मिलमध्ये शिकाऊ माणसं ठेवतात, वयाची अट नाही, ही खबर तिनंच आणली.

"या वयात शिकाऊ? लोक काय म्हणतील?" मी भडकलो.

"लोक आता काय म्हणून राहिले, ते आयकाचं हाये का तुमाले?" ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी मिलवर हजर.

मिस्त्रींनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. "आ कर," म्हणाले.

"बैल घ्यायला आलात काय जी?" मी तसा आधीपासूनच तिरसट.

"बैलाचे दात वय समजाले पायतेत. मले वयाशी काही घेणं नाही. दाढा पायजेत." माझा जबडा उजेडाकडे वळवून त्यांनी नीट पाहिला. "खर्र्यानं लाल झाल्या, पण हायेत. ये उद्यापासून, फोटोवाल्या."

त्यांना वयाशी खरंच घेणं नव्हतं. माझ्या जोडीला आयटीआय झालेली एकोणीस वर्षांची पोरगी होती, तिला ते मोटरी आणि पॅनल शिकवत. आणि एक साठीची बाई होती. तिनं अर्धा जन्म पटांगणात पायानं धान फिरवलं होतं. मिस्त्रींनी तिला सरळ चाळणीवर उभं केलं. "येवढी वर्सं धान पायानं पाह्यलं, आता डोयानं पाय," म्हणाले. सहा महिन्यांत तिची चाळणी साऱ्या मिलमध्ये सरस चालायला लागली आणि ती आम्हां दोघांवर डाफरायलाही लागली.

मी मात्र अडखळत होतो. दाणा फोडला की मिस्त्री विचारायचे, "कसा तुटला?"

"तुटला जी."

"तुटला त मले बी दिसते, भैताडा. कसा तुटला? कोरडा तुटला, का मनात ओल धरून तुटला?"

दाण्याच्या मनातली ओल! मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की म्हातारा येडा आहे. पण हळूहळू जिभेला कळायला लागलं. बाहेरून कडक झालेला दाणा आतून किंचित चिवट असतो, दाढ तिथं क्षणभर अडते. ते ज्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं, त्या दिवशी मी पोरासारखा पळत त्यांच्याकडे गेलो होतो.

आणि नेमकी तेव्हाच माझी मस्ती नडली.

मिस्त्रींसमोर खर्रा बंद, असा त्यांचा कायदा होता. त्या दिवशी ते बॉयलरकडे होते. मी गालात खर्रा भरलेला, तोंड चुन्यानं बधिर. एका शेतकरी घराचं वर्षभर खायचं धान पटांगणात पडलं होतं. मी खर्रा एका गालात सारून दुसऱ्या दाढेखाली दाणा फोडला आणि तोऱ्यात ओरडलो, "उचला!" तासाभरात गिरणीची जाळी चोंदली. खाली तांदूळ कसला, चपटा लगदा पडत होता, त्याला कोंडा चिकटलेला. त्या घरची बाई पोत्याशी उभी राहून नुसती पाहत होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मिलचे शेठ आले. "धान कोणं पास केलं?"

माझं तोंड उघडेना. उघडलं असतं तर खर्रा दिसला असता.

"म्या केलं," मिस्त्री म्हणाले.

"कोणाच्या दातानं?"

"माह्या."

शेठनी त्यांच्या बोळक्या तोंडाकडे पाहिलं. मिस्त्रींनी बिनधास्त तोंड उघडून दाखवलं. चाळणीवरची बाई फस्सकन हसली आणि मग पदरात तोंड लपवून खोकायला लागली. शेठना सगळं कळलं होतं. त्या घराला त्यांनी आपल्या कोठारातला तांदूळ भरून दिला आणि आम्हांला सांगितलं, "होळीपर्यंत पायतो. पुन्हा असं झालं त फोटोवालाही घरी अन् मिस्त्रीजी, तुमीही घरी."

मिस्त्री मला नळावर घेऊन गेले. "तोंड धू." मी चुळा भरत राहिलो. मग त्यांनी आपलं तोंड पुन्हा उघडलं, या वेळी फक्त माझ्यासाठी. "हे सारे खर्र्यानं नेले. माह्याजवळ दात नाहीत, तुह्याजवळ दुसरं काम नाही. आता तूच सांग, काय कराचं."

मी रडलो. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, नळाखाली मान घालून रडलो. त्या दिवसापासून खर्रा बंद. महिनाभर डोकं भणभणायचं, बायकोवर, मशीनवर, मांजरीवर वसकन ओरडायचो. मिस्त्री रोज सकाळी माझ्या हातावर वाळल्या धानाचे चार दाणे ठेवायचे, "हे ठेव गालात," म्हणून.

माघात चार दिवस आभाळ होतं. पटांगणातलं धान ढीग करून झाकलं होतं, तांदूळ न्यायला ट्रक दारात उभा. शेठनी नुकतंच ओल मोजायचं यंत्र आणलं होतं. ढिगाच्या वरचं धान त्यात घालून पाहिलं, यंत्र म्हणालं ठीक आहे. मी खाली बसलो, भिंतीकडच्या बाजूनं ढिगाच्या बुडात हात घातला आणि दाणा फोडला. दाढ अडली.

"मनात ओल हाये जी," मी मिस्त्रींना म्हणालो.

दाणे त्यांच्यापुढे धरले, तर म्हणाले, "मले कायले सांगून राहिला? शेठले सांग."

होळीला पंधरा दिवस उरले होते. नाही म्हणालो आणि धान चांगलं निघालं असतं, तर रिकामा ट्रक परत पाठवल्याचा ठपका. हो म्हणालो असतो, तर ती पोत्याशी उभी राहिलेली बाई मला जन्मभर दिसली असती. "शेठ, आज नाही उचलाचं," मी म्हणालो. शेठ संतापले, ट्रकवाला त्याहून संतापला. मिस्त्री दुपट्ट्यानं चष्मा पुसत उभे होते, जणू त्यांचा या मिलशी संबंधच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ढीग उलटून पसरला तेव्हा बुडाचं धान हाताला गार लागत होतं, ते शेठनी स्वतः हात घालून पाहिलं. संध्याकाळी तांदूळ निघाला, सळसळीत, अख्खा. यंत्राची चूक नव्हती, त्याला वरचंच धान दिलं होतं. शेठनी होळीची वाट पाहिली नाही, मला कामावर पक्कं केलं. मिस्त्री फक्त एवढंच म्हणाले, "जा, बायकोले सांगून ये. फोनवर नको, जाऊन सांग."

पावसाळ्यानंतर ते कामावर आले नाहीत. छाती भरायची, दम लागायचा. लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, गोसीखुर्दच्या धरणापायी उठून नव्यानं बसलेल्या गावात. दिवाळीनंतर नवीन धान आलं. पहिल्या वाळल्या धानाची मूठ रुमालात बांधून मी मोटारसायकलवर तिकडे गेलो.

अंगणात खाटेवर बसले होते. फार वाळले होते. मी चार दाणे तळहातावर घेऊन त्यांच्या तोंडापुढे धरले. त्यांनी एक उचलला, हिरड्यांत धरला आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मग तो काढून दुपट्ट्याला पुसला आणि परत माझ्या हातावर ठेवला.

"तू फोड."

फोडला. कट्ट.

"उचलू का जी?" मी विचारलं.

"मले काहून इचारतं? दात तुये." ते थांबले, श्वास घेतला. "अन् आता अक्कल बी तुयी."

त्याच हिवाळ्यात गेले. तेरवीला लावायला लेकीनं माझ्याकडे हसरा फोटो मागितला. बावीस वर्षं साऱ्या तालुक्याचे फोटो काढले मी, आणि या माणसाचा एक फोटो माझ्याजवळ नव्हता. हसताना तोंडावर दुपट्टा घ्यायचे ना.

आता मिलमध्ये मला मिस्त्री म्हणतात. परवा एक नवा शिकाऊ आला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, लाजून दाराशीच उभा होता. मी त्याला "आ करा" म्हणालो, दाढा पाहिल्या, चार दाणे तळहातावर घेऊन त्याच्यापुढे हात धरला.

"दात तुमचे," मी म्हणालो. पुढचं माझ्यानं बोलवलं नाही.