कुकाण्याच्या पुढे ऊस नव्हता

संगमनेरहून सकाळी आठला निघालो तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. शेवगावला मेहुणीकडे जायचं होतं. मागे सुनंदा, म्हणजे माझी बायको, आणि मोटारसायकलची सैल झालेली साखळी आदल्या संध्याकाळी मी स्वतः नव्याकोऱ्या पान्यांनी ताणलेली. गॅरेजवाला दहा मिनिटांच्या कामाला दिवसभर गाडी अडकवून ठेवतो, हे माझं जुनं दुखणं. सुनंदाला मात्र ‘गाडी तयार आहे’ एवढंच सांगितलं होतं. माझ्या हातात पाना दिसला की ती प्रश्न विचारते.

लोणी, बाभळेश्वर मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच तोड झालेली रिकामी रानं, आणि रस्ताभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्यांच्यामागे रांगत जाताना श्रीरामपूरच्या अलीकडे सुनंदा म्हणाली, "जळका वास येतोय."

"पाचट पेटवलं असेल कुणी," मी म्हणालो. (पाचट म्हणजे ऊसतोडीनंतर रानात उरलेला वाळका पाला.) तिला पटलं. मलाही पटलं, कारण दूर कुठेतरी धूर दिसतच होता.

नेवाशात भेळ खाल्ली. भेळ झणझणीत, चहा बेताचा. स्टँडवरून काढून गाडी वळवताना जड लागली. खाल्ल्यावर जरा सुस्ती येते, असं म्हणून मी तो विषय मिटवला.

कुकाण्याच्या पुढे रानं बदलली. ज्वारी, हरभरा, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. वास तसाच.

"इथे ऊस कुठाय?" सुनंदाने विचारलं.

मी उत्तर शोधेपर्यंत मागचं चाक आखडलं. गाडी तिरकी होऊन फरफटली आणि मागून आलेला टेम्पो हॉर्न वाजवत अगदी खेटून गेला. पडलो नाही, एवढंच. सुनंदाने माझा खांदा इतका घट्ट धरला होता, की बोटं सोडायला तिला वेळ लागला. मी जाम घाबरलो होतो.

समोरच पत्र्याचं गॅरेज होतं. चाक जेमतेम फिरत होतं, तशीच गाडी तिथवर ढकलत नेली. मिस्तरी पन्नाशीचा. त्याने चाकाच्या मधोमध, ब्रेकच्या ड्रमवर, पाणी शिंपडलं. ते चुर्र झालं.

"लई तापलंय. साखळी कुनी तानली?"

"संगमनेरला. गॅरेजमध्ये," मी म्हणालो.

"साखळी तानली की चाक मागं सरकतं, ब्रेक आपसूक आवळतो. मग ब्रेकचा नट सैल करावा लागतो. त्यानं केलाच न्हाई. ब्रेक घासतच आलाय इथवर." बोलता बोलता तो माझ्या नखांतल्या काळ्या ग्रीसकडे बघत होता. मग सुनंदाकडे वळला. "ताई, त्या गॅरेजवाल्याच्या हातात परत गाडी दिऊ नका."

"नाही देणार," सुनंदा म्हणाली.

त्याने ब्रेकचे जळके लायनर बदलले, नट बेताने बसवला आणि चाक हाताने गरगर फिरवून दाखवलं. काम दहा मिनिटांचं नव्हतं.

मेहुणीने शेंगोळी केली होती (हुलग्याच्या पिठाची, हाताने वळून रश्शात शिजवलेली). मी दोन वाट्या खाल्ल्या. सुनंदा माझ्याशी मीठ मागण्यापुरती बोलली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने निघून गेली. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परतताना गाडी सुरेख चालली. मला मात्र करमेना. वाटेत मनातल्या मनात वाटणी केली: तेल आणि प्लग घरी, चाक आणि ब्रेक गॅरेजला. नेवासा येईपर्यंत ती कशी सांगायची तेही जुळवून झालं.

सुनंदा आधीच घरी पोचली होती. मी वाटणी सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"साखळी तुम्ही ताणा, नाहीतर आणखी कुणी ताणा," ती म्हणाली. "पण वास आला तेव्हा सांगायचं होतंत, की काल मी चाकाला हात लावलाय. मी तिथेच उतरले असते."