कांडी भरेपर्यंतची भीती

माणसाच्या शरीरात जेवढे म्हणून अवयव असतात, ते सगळे निदान एकदा तरी निकामी झाल्याचा अनुभव घेतलेली, आणि तरीही लग्नघरचा स्वयंपाक एकहाती उपसणारी बाई त्रिभुवनात एकच आहे. ती माझी मोठी जाऊ. मोहाडीला ती आणि माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, अजून हातमाग चालवतात. "कशा आहात?" हा प्रश्न लोक रस्त्यात येताजाता विचारतात, तिला विचारायचा असेल तर आधी नीट बसून घ्यावं. उत्तर टाळूपासून सुरू होतं आणि टाचेपर्यंत पोचायला दुपारच्या चहाची वेळ होते. तिच्या दुखण्यांची भाषाही सगळी मागावरची आहे. "डोक्यात सकाळपासून धोटा फिरून राहिला वं," असं ती म्हणाली की आम्हाला कळतं, ठणका मागावरच्या धोट्यासारखा या कानापासून त्या कानापर्यंत जाऊन परत येतो आहे. भंडाऱ्याला नव्याने आलेल्या एका डॉक्टरांना मात्र ते कळलं नव्हतं. त्यांनी भासऱ्यांना बाजूला घेऊन, "यांच्या डोक्याला कधी मार लागला होता का?" असं हळूच विचारलं होतं.

आजाऱ्याला भेटायला जावं तर तिनेच. मनापासून जाते, डबा घेऊन जाते, पाय चेपून देते, आणि येताना त्याचं दुखणं सोबत घेऊन येते. शेजाऱ्याचा मूतखडा पाहून आली ती त्याच कुशीवर हात दाबून. भासऱ्यांच्या एका मित्राला प्रोस्टेटचा त्रास निघाला तेव्हा तर तिने जेवणच टाकलं. काय होतंय ते सांगेना. शेवटी भासऱ्यांच्या ध्यानात आलं आणि ते म्हणाले, "अवं, थे बायांले होत नाही." त्यावर सुटकेचा श्वास सोडायचा की नाही? ती त्यांच्यावरच उखडली. "मंग आधी सांगाले काय झालं होतं? मी इथं सुकून चालली ना!"

पण तिच्या कीर्तीचा कळस म्हणजे निळ्या नखांचं प्रकरण. कुणाच्या तरी तेराव्याला तिने ऐकलं होतं की हृदय बंद पडायला आलं की नखं निळी होतात. त्यानंतर एका संध्याकाळी झोपेतून उठून तिने हात पाहिले तर दहाही नखं निळी. आरडाओरडा झाला, ऑटो आला, देवापुढे दिवा लागला. वाटेत तिने कोणत्या सुनेला कोणती कोसा रेशमाची साडी द्यायची तेही सांगून टाकलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, मग कापसावर स्पिरिट घेऊन एक नख पुसलं. कापूस निळाभोर झाला. सकाळी सूत रंगवायला निळा रंग कालवला होता आणि हात तिनेच घातले होते, हे घरात एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आम्ही हसून हसून मेलो. ती मात्र गंभीरपणे डॉक्टरांना म्हणाली, "वरून निघाला, पण आत गेला असन त्याचं काय?"

तर अशा या बाईने मला सावरलं, यावर आमच्या नातेवाइकांत अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

आम्ही वरठीला राहतो, नवरा कारखान्यात आहे, मुलगी शाळेत जाते. मागच्या हिवाळ्यात अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. फोटो झाले, सुईची तपासणी झाली आणि रिपोर्ट यायला काही दिवस लागतील असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. ते दिवस कसे काढायचे हे मात्र कुणी सांगितलं नाही. नवरा म्हणायचा, "काही होत नाही." आई फोनवर म्हणायची, "काही होत नाही." शेजारीणसुद्धा जिन्यात थांबवून तेच सांगायची. ज्याला त्याला काही होत नव्हतं, आणि मी मोबाईलवर वाचू नये ते वाचत बसायची. भाजीत मीठ पडत नव्हतं. हात सारखा गाठीकडे जायचा.

जाऊबाईंना कळलं आणि त्या दुसऱ्या दिवशी ऑटोतून उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात गोधडीत गुंडाळलेला, धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचा चरखा. मला वाटलं, आता दोघींचं रडणं सुरू होणार. त्यांनी चरखा स्वयंपाकघरात मांडला, सुताची लडी चढवली आणि मला पुढ्यात बसवलं.

"काही होत नाही असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "मले का मालूम? पण भ्यायची एक रीत असते. ही कांडी भरत वरी भेय. पोटभर भेय. मनात येते थे सारं बोल. कांडी भरली का उठाचं आन् कामाले लागाचं. पुढचं भेव पुढच्या कांडीले."

"तुम्ही असंच करता?" मी विचारलं.

"मंग? मी का दिवसभर भेत असतो का? घर कोण चालवन?"

मला कांडी भरता येत नाही. सूत सारखं तुटत होतं. त्या पुन्हा जोडून द्यायच्या आणि बडबडायच्या, "बरं झालं कोसा नाही आणला. तुह्या भेवाले सूतच परवडते." पण चाक फिरायला लागलं आणि आत साचलेलं बाहेर पडायला लागलं. मी मेले तर काय, केस गेले तर काय, नवऱ्याचं कसं होईल. एकदा म्हणाले, "पोरीची वेणी कोण घालेल?" इतर कुणीही माझ्या तोंडावर हात ठेवला असता. जाऊबाईंनी विचार केला. "मी घालीन. पण माह्या हातची तिले आवडत नाही, घट्ट होते म्हणते. थे तूच तिले समजाव." मी रडता रडता हसले, तेवढ्यात कांडी भरली आणि त्यांनी माझ्या हातात वांगी दिली.

असे ते दिवस गेले. भीती गेली नाही, पण तिला बसायची जागा आणि उठायची वेळ मिळाली. या माणसाचे उपकार कसे फेडायचे हे मला आजही कळत नाही.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ होती, अधूनमधून दाखवत राहायचं एवढंच. मी जाऊबाईंच्या गळ्यात पडले. त्या "बरं झालं बापा" एवढंच म्हणाल्या, पदर गालावर धरला आणि जेवायलाही न थांबता मोहाडीला निघाल्या. मला जरा नवल वाटलं, थोडं वाईटही.

संध्याकाळी भासऱ्यांचा फोन आला. "दाढ काढून आणली हिची. गाल हा एवढा सुजला होता. वरठीले जायच्या आधीपासूनच ठणकत होती, तिकडं काही बोलली नाही का?"

मी फोन जाऊबाईंना द्यायला सांगितला. "बाई, एवढं दुखत होतं तर मला काहून नाही सांगितलं?"

तोंडात कापसाचा बोळा असावा. शब्द जड येत होते. "तुह्या भेवात माह्यं कायले घालू वं?"

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात धोटा फिरतो, कुशीत खडा रुततो, छातीत कळ येते, आणि मी समाधानाने ऐकत असते. पण आता त्यांचंही वय झालं. एखाद्या दिवशी विचारावं आणि त्या "बरी हाव" म्हणाव्यात, की माझं काळीज हलतं. मग मी हातातलं काम तसंच टाकते आणि मोहाडीला निघते.