कॉलेजाजवळचं घर

निवृत्तीनंतर गुंजी गाव सोडून आम्ही बेळगावात कॉलेजाजवळ घर घेतलं. शेजारचे आप्पा निपाणीचे, तेही निवृत्त. पहिल्याच दिवशी म्हणाले, "चुकलासा. वरच्या पोरींचा लई दंगा." रोज जिन्यात उभं राहून ते वर राहणाऱ्या नर्सिंगच्या चार मुलींवर ओरडत. मला धास्तीच बसली; गुंजीला परत जावं असं वाटू लागलं.

एका दुपारी बायको न्हाणीत घसरून पडली. माझी हाक ऐकून आप्पा अनवाणी धावत आले. त्यांनी जिन्यातून चारही मुलींना नावानं बोलावलं. मुलींनी बायकोचा पाय हलू न देता फळीला बांधला आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं.

संध्याकाळी मी आप्पांना विचारलं, "सगळ्यांची नावं पाठ?"

आप्पा ओशाळले. "रोज वरडतो न्हवं."

गुंजीला परतायचा विचार मी तिथंच सोडला.